सत्तर सालची शेवेल घेताना मी काय पाहिलं नाही

गेल्या वर्षी मी १९७० सालची शेव्हरोले शेवेल घेतली. ६१ हजार डॉलर मोजले. ती 'एसएस ४५४', म्हणजे शेवेलची मोठ्या इंजिनाची दमदार आवृत्ती, नसून साधी मालिबू, म्हणजे शेवेलचंच नेहमीचं मॉडेल आहे आणि तिच्या इंजिनावरचा नंबर कुणीतरी मागाहून ठोकलाय, हे मला सात आठवड्यांनी कळलं. डेट्रॉइटच्या आसपास आपली बरीच मराठी मंडळी या जुन्या गाड्यांच्या नादाला लागली आहेत. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अव्हेन्यूवर ड्रीम क्रूझला, म्हणजे जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला त्यातली कितीतरी भेटतात. त्यांच्यापैकी कुणावर ही पाळी येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी या गाडीला एवढी किंमत का, ते सांगतो. मधल्या आकाराच्या गाडीत ४०० घनइंचापेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सचा नियम होता. तो १९७० च्या मॉडेलांसाठी उठला आणि शेवेलमध्ये ४५४ घनइंची, म्हणजे ७.४ लिटरचं इंजिन आलं. त्यातलं सगळ्यात जबरदस्त ते एलएस-६, ४५० हॉर्सपॉवरचं. पुढच्याच वर्षी कंपनीने इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं, ताकद घटली, त्यामुळे एलएस-६ शेवेल ही त्या एकाच वर्षाची गाडी. अस्सल असेल तर लाखभर डॉलरच्या वर सहज जाते. त्याच रंगाची, तशाच पट्ट्यांची, पण मुळात मालिबू असलेली गाडी निम्म्यात मिळते.

आणि नेमकी इथेच गोम आहे. १९६६ ते ६८ पर्यंत शेवेल एसएस हे वेगळं मॉडेल होतं, चासी नंबर १३८ ने सुरू व्हायचा, विषय संपला. १९६९ पासून एसएस हे मालिबूवर घ्यायचं पॅकेज झालं. म्हणजे १९७० ची अस्सल एसएस असो की व्ही-८ इंजिनाची साधी मालिबू, दोन्हींचा नंबर १३६ नेच सुरू होतो. बॉनेटखाली फायरवॉलवर (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यावर) जी पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर रंग, सीटचं कापड आणि बॉडी कोणत्या आठवड्यात बनली ते कळतं. एसएसचा उल्लेख नसतो. गाडीचा इतिहास सांगणाऱ्या ऑनलाइन सेवाही उपयोगाच्या नाहीत, कारण त्या १७ अंकी चासी नंबरावर चालतात आणि ते नंबर १९८१ पासून आले. पाँटिअ‍ॅक जीटीओ ही जनरल मोटर्सचीच दुसरी गाडी घेणाऱ्याला कंपनीच्या जुन्या नोंदींची प्रत मागवता येते. कॅनडात विकल्या गेलेल्या शेवेलचीही तशी सोय आहे. अमेरिकेत विकलेल्या शेवेलला ती नाही. उरतो तो बिल्ड शीट, कारखान्यात गाडी जोडताना वापरलेला कागद. तो बहुतेक वेळा पेट्रोलच्या टाकीवर किंवा सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला सापडतो.

माझ्या विक्रेत्याने तो कागद प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दाखवला. तपकिरी पडलेला, कडा कुरतडलेल्या, त्यावर एलएस-६ लिहिलेलं. माणूस ओहायोतला, साठीचा, बोलायला मोकळा. गाडी अर्धवट रिस्टोअर केलेली होती: इंजिन बसवलेलं, आतली सीटं निघालेली, बॉडीला फक्त प्रायमर. "प्रोजेक्ट आहे म्हणून या भावात देतोय," असं तो म्हणाला, आणि मला ते पटलं. मी स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर, वीस वर्षं गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यात. लोहचुंबक घेऊन गेलो होतो. मागच्या चाकांच्या वर पत्र्यावर फिरवला तर दोन ठिकाणी चिकटला नाही, आत पुट्टी भरलेली. ती मी त्याला दाखवली, त्याने तिथल्या तिथे दीड हजार कमी केले, आणि आपण नीट पारखून घेतोय असं मला वाटलं. इंजिनावर, उजव्या हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) पुढे जी सपाट जागा असते तिथे नंबर पंच केलेला होता. शेवटचे आकडे चासी नंबराशी जुळले, म्हणजे इंजिन याच गाडीचं मूळचं असं मी धरलं, आणि शेवटी सीआरव्ही हा एलएस-६ चा कोड होता. मी फोटो काढला आणि बायकोला पाठवला.

शनिवारी दुसरं गिऱ्हाईक येणार होतं म्हणे. त्याच दिवशी बयाणा दिला, मंगळवारी बाकीचे पैसे बँकेतून वळते केले.

पुढे विम्यासाठी किंमत ठरवून हवी होती, म्हणून एक मूल्यमापक घरी आला. त्याने त्या सपाट जागेवर टॉर्च आडवा धरला आणि मला वाकून बघायला सांगितलं. कारखान्यात ती जागा तासली जाते तेव्हा पुढून मागे सरळ, बारीक रेघा उमटतात. माझ्या इंजिनावर त्या नव्हत्या, ग्राइंडरचे गोल ओरखडे होते. जुना नंबर घासून नवा ठोकला होता. मग गाडी जॅकवर चढवून तो खाली शिरला आणि ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या ओतीव लोखंडी धडाच्या, कडेची ओतकामाची तारीख पुसून काढली. ही तारीख लोखंडातच उठावदार असते, सहजासहजी बदलता येत नाही. पहिलं अक्षर महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी. माझ्या ब्लॉकवर ई आणि पुढे ७ होतं, म्हणजे ७ मे. फायरवॉलच्या पट्टीवर ०२सी होतं, म्हणजे फेब्रुवारीचा तिसरा आठवडा. गाडी फेब्रुवारीत बनली आणि तिचं 'मूळ' इंजिन ओतलं गेलं मे महिन्यात. मी बराच वेळ तिथेच फरशीवर बसून होतो.

बिल्ड शीटही त्याने उलगडून दाखवला. घडीच्या आतल्या बाजूलाही रंग तेवढाच तपकिरी होता. पन्नास वर्षं घडीत दाबून राहिलेला कागद बाहेरून जास्त आणि आतून कमी पिवळा पडतो, आणि स्प्रिंगवर असेल तर गंजाच्या रेघा उमटतात. इथे सगळीकडे एकच छटा.

विक्रेत्याला फोन केला. त्याचं उत्तर एकच: मला जे सांगितलं गेलं तेच मी तुम्हाला सांगितलं. त्याने स्वतः फसवलं की तोही फसला, हे मी आजही सांगू शकत नाही. वकिलाने बिल मागितलं. बिलावर 'शेव्हरोले, १९७०, जशी आहे तशी' एवढंच होतं. एसएस नाही, एलएस-६ नाही, मूळ इंजिन तर नाहीच. जाहिरातीत हे तिन्ही शब्द होते, पण जाहिरात काढून टाकलेली, आणि मी तिचा स्क्रीनशॉट घेतला नव्हता. वकील म्हणाले, "जशी आहे तशी" लिहिलं म्हणून खोटं बोलायची मुभा मिळत नाही, पण खोटं बोलला हे दाखवायला कागद लागतो. तेव्हा जाहिरात पहिल्या दिवशीच साठवा, आणि विक्रेता तोंडाने जे सांगतो ते बिलावर लिहून त्याच्या सहीनिशी घ्या. लिहायला तयार नसेल तर बयाणा देऊ नका. गाडी ज्या गावात आहे तिथला, विक्रेत्याने न सुचवलेला तपासनीस पाठवा. मूल्यमापकाने माझ्याकडून चारशे डॉलर घेतले. हेच चारशे मी आधी खर्च करायला हवे होते.

त्याच्या हिशेबाने माझ्या गाडीची किंमत ३२ हजार. मी ती विकणार आहे, मालिबू म्हणूनच. बिलावर तसं लिहीन, ओतकामाच्या तारखेचा फोटो जोडीन, आणि तो बिल्ड शीट गाडीसोबत जाणार नाही. तो वकिलाच्या फाइलमध्ये आहे.