३४ टक्क्यांवर बंद पडणारा फोन: कॅलिब्रेशन, गल्लीतली बॅटरी की सर्व्हिस सेंटर?

ठाण्याला पुलावरून उतरताना टीसीने हात आडवा केला. तिकीट दाखवायला मी फोन काढला, ॲप उघडलं आणि स्क्रीन काळी. दोन मिनिटांपूर्वी गाडीत बघितले तेव्हा ३४ टक्के होते. "साहेब, तिकीट आहे, फोन बंद पडलाय" हे वाक्य टीसी दिवसातून किती वेळा ऐकत असेल ते त्याच्या चेहऱ्यावरच दिसलं. २५० रुपये दंड, वर भाडं. घरी येऊन चार्जरला लावला, तर पठ्ठ्या ३१ टक्के दाखवत उठला.

फोन साडेचार वर्षांचा. कॅमेरा बरा आहे, स्क्रीनवर ओरखडा नाही, कामापुरता वेगही आहे. त्यामुळे नवीन घ्यायचा विचार मी केला नाही. तो करायचा असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. पॉवर बँकेचंही तसंच. ती बॅटरी कमी पडते यावरचा उपाय आहे, बॅटरी खोटं बोलते यावरचा नाही. मला कमी बॅटरी चालते. चेतक स्कूटरला कुठे काटा होता? पेट्रोल संपत आलं की गाडी आचके द्यायची, कॉक रिझर्व्हला फिरवायचा, पंप गाठायचा. काटा नसला तरी चालतं, पण अर्धी टाकी दाखवून रस्त्यात उभा करणारा काटा नको.

उरले तीन मार्ग. तिन्ही मी करून बसलोय, एक माझ्या बायकोच्या फोनवर.

पहिला फुकटचा, म्हणजे कॅलिब्रेशन: टक्क्यांचा काटा पुन्हा जुळवणं. फोन आपोआप बंद पडेपर्यंत वापरायचा, मग न थांबता १०० पर्यंत चार्ज करायचा, वर तासभर तसाच ठेवायचा. याला लोक टोटका म्हणतात. अगदी तसं नाही. टक्क्यांचा आकडा थेट मोजलेला नसतो, तो अंदाज असतो. फोनमधली एक चिप बॅटरीत किती करंट गेला, किती आला याचा हिशेब ठेवते आणि व्होल्टेजशी ताडून बघते. मधल्या पट्ट्यात लिथियम बॅटरीचं व्होल्टेज फार कमी हलतं, त्यामुळे हिशेबातली चूक तिथे सापडत नाही; ती सापडते वरच्या किंवा खालच्या टोकाला. कोणी महिनोन्महिने ४० ते ८० मध्येच चार्ज करत असेल, तर चिपला टोक दिसतच नाही आणि चूक साचत जाते. अशा फोनला कॅलिब्रेशनने खरंच फरक पडतो. पण ते महिन्या-दोन महिन्यांतून एकदा. दर आठवड्याला बॅटरी शून्यावर नेणं म्हणजे आजाऱ्याला जुलाब देणं. आणि अँड्रॉइडवर बॅटरीची आकडेवारी पुसून देणारी ॲप्स तर टाकूच नका. टक्क्यांचा त्या आकडेवारीच्या फाईलशी संबंध नाही, हे अँड्रॉइड बनवणाऱ्यांपैकीच एका इंजिनियर बाईंनी फार पूर्वी सांगून झालंय.

मी तीनदा केलं. पहिल्या वेळी चार दिवस फोन शहाण्यासारखा वागला. तिसऱ्या वेळी कॅमेरा उघडताच २८ टक्क्यांवर बंद पडला.

इथे मला रोग कळला. गच्चीवरची टाकी भरलेली असते, पण जुन्या पाइपात क्षार साचलेले असतात. एक नळ चालू असेपर्यंत धार बरी, दुसरा उघडला की दोन्ही रडतात. म्हाताऱ्या बॅटरीचा आतला रोध असाच वाढतो. कॅमेरा किंवा व्हिडिओ कॉल सुरू झाला, रेंज कमी असताना फोन सिग्नल शोधू लागला, की व्होल्टेज एकदम खाली बसतं आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. भार गेला की व्होल्टेज पुन्हा वर येतं, म्हणून चार्जरला लावल्यावर ३१. ॲपलने २०१७ च्या डिसेंबरात जुने आयफोन मुद्दाम हळू केल्याचं कबूल केलं, तेही हेच झटके टाळायला. मग लोकांच्या संतापापायी अमेरिकेत बॅटरी बदलायचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणावा लागला.

तेव्हा घरच्या घरी परीक्षा अशी: फोन नेहमी कॅमेऱ्यावर, कॉलवर, थंडीत बंद पडतो का? मग कॅलिब्रेशनमध्ये दिवस घालवू नका. नुसता पडून असतानाच आकडा उड्या मारतो का? मग आधी फुकटचा उपाय करून बघा. आणि मागचं झाकण फुगलेलं दिसलं तर परीक्षाही नको, चार्जिंगही नको, सरळ दुकान गाठा.

आता खरी निवड. बायकोच्या फोनची बॅटरी आम्ही स्टेशनबाहेरच्या दुकानात बदलली. ९०० रुपये, चाळीस मिनिटं, चहासकट. पोरगा हुशार होता. मागची काच गरम करून अशी अलगद उचलली की बघत राहावं. फोन बंद पडायचा थांबला आणि दिवस निघू लागला. त्या पोराबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तिसऱ्या आठवड्यापासून नवा खेळ सुरू झाला: १०० वरून ९९ व्हायला दीड तास, मग २२ वर आला की पंधरा मिनिटांत ३, आणि शेवटच्या १ टक्क्यावर एकदा अख्खं हळदीकुंकू निघालं. माझा अंदाज असा की फोनमधली चिप मूळ बॅटरीच्या स्वभावावर बेतलेली. नव्या सेलचा स्वभाव निराळा, म्हणून हिशेब जुळत नाही. शिवाय न वापरताही लिथियम बॅटरी म्हातारी होते, त्यामुळे दुकानात दोन वर्षं पडलेली 'नवी' बॅटरी कितपत नवी हा प्रश्नच आहे. आयफोन असेल तर बाहेरच्या बॅटरीवर 'खात्री करता येत नाही' असा संदेश येतो, तो वेगळाच.

माझा फोन मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेला. तिथलं सुख सांगण्यासारखं नाही. टोकन घ्या, बसा, "डेटा गेला तर जबाबदारी आमची नाही" यावर सही करा. पार्ट नाही म्हणून दोन खेपा झाल्या, चार दिवस गेले, २,४०० रुपये लागले. फोनच्या आजच्या बाजारभावाशी ताडलं तर हा शुद्ध वेडेपणा म्हणता येईल, आणि मित्राने तो म्हटलाच.

पण सात महिने झाले, आकडा खरा आहे. २० म्हणजे २०. रात्री साडेनऊला १२ टक्के बघून मी डोंबिवलीपर्यंत निवांत येतो, कारण ते १२ किती चालतात हे आता मला माहीत आहे. १,५०० रुपये जास्तीचे मी बॅटरीला नाही, या माहितीला मोजले असं धरतो.

अर्थात दोन फोनांवरून नियम काढता येत नाही. फोन सहा-सात वर्षांचा असेल तर सर्व्हिस सेंटरमध्ये बऱ्याचदा पार्टच मिळत नाही आणि गल्लीला पर्याय राहत नाही. तेव्हा बॅटरीवरची उत्पादनाची तारीख बसवायच्या आधी बघा, सहा महिन्यांची तोंडी का होईना हमी घ्या, आणि झाकण एकदा उघडलं की पूर्वीसारखं पाण्यापासून संरक्षण राहील असं धरू नका. फोन घरातच असतो, चार्जर हाताशी असतो, असंही असेल तर ९०० चा मार्ग वाईट नाही.

बायकोचं मत मुळात वेगळं आहे. तिला २२ दिसले की चार्जरला लावायची सवय झालीय, आणि १,५०० रुपयांत काय काय आलं असतं याची यादी तिच्याकडे तयार असते. दंड मात्र तिला अजून भरावा लागलेला नाही. ती पास काढते, कागदी.