लागुनातील एक खासगी फिलिपिनो शाळा: प्रवेश, अभ्यासक्रम आणि भाषेचा प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातून नोकरी किंवा संशोधनासाठी फिलिपाईन्सला जाणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे मुलांच्या शाळेचा प्रश्न आला, की साधारणपणे दोनच मार्ग बोलले जातात: मनिलातील महागडी आंतरराष्ट्रीय शाळा, नाहीतर मुलांना आजी-आजोबांकडे गावी ठेवणे. तिथल्याच लोकांच्या खासगी शाळेत मूल घालण्याचा तिसरा मार्ग सहसा कोणी विचारात घेत नाही. आम्ही तो निवडला. भात संशोधनाच्या कामानिमित्त आमचे वास्तव्य लागुना प्रांतात लॉस बान्योसजवळ होते. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था १९६० पासून याच गावात आहे आणि भारतीय शास्त्रज्ञांची ये-जा तिथे पूर्वीपासूनच आहे. माझी मुलगी दुसरीपासून चौथीपर्यंत त्या परिसरातील एका फिलिपिनो खासगी शाळेत शिकली. प्रवेशाची पद्धत आणि मूल्यमापन या दोन्ही बाबतीत मी या शाळेला मोकळ्या मनाने उत्तम म्हणेन. परक्या भाषेतून आलेल्या मुलाला सांभाळण्याच्या बाबतीत मात्र शाळा कमी पडली. ही तक्रार गंभीर असल्यामुळे शाळेचे नाव मी येथे देत नाही.

शाळा कोणी आणि का काढली, हे पालकांनी पहिल्याच भेटीत विचारावे. फिलिपाईन्समधील जुन्या खासगी शाळांपैकी बहुतेक चर्चच्या धर्मसंघांनी काढलेल्या आहेत. जेझुइट पाद्र्यांनी १८५९ मध्ये मनिलातील नगरपालिकेची शाळा हाती घेतली आणि पुढे तीच आतेनेओ म्हणून नावारूपाला आली. होसे रिझाल हे त्या देशाचे राष्ट्रपुरुष तिथेच शिकले. अमेरिकी राजवटीत १९०१ पासून सरकारी शाळांतून इंग्रजी आली. आमची शाळा या दोन्ही परंपरांतली नव्हती. जवळच्या विद्यापीठातील काही शिक्षक-पालकांनी स्वतःच्या मुलांसाठी बालवर्ग सुरू केला आणि मुले मोठी होत गेली तसे पुढचे वर्ग वाढत गेले, असे शाळेच्या माहितीपुस्तिकेत लिहिले आहे. बेळगावच्या माणसाला अशा उगमाचे अप्रूप वाटणार नाही, कारण १९१६ मध्ये सात शिक्षकांनी एकत्र येऊन के. एल. ई. संस्थेची सुरुवात केली ती याच शहरात. शिक्षकांनी काढलेल्या शाळेत वर्ग लहान ठेवण्याचा आग्रह टिकतो, असे माझे मत तिथे राहून पक्के झाले.

त्या देशाच्या १९८७ च्या राज्यघटनेने खासगी शाळांवर काही बंधने घातली आहेत, तीही माहीत असावीत. धार्मिक संघांच्या शाळा वगळता इतर शाळांची मालकी फिलिपिनो नागरिकांकडे, किंवा किमान ६० टक्के भांडवल फिलिपिनो असलेल्या कंपनीकडे असावी लागते. कोणत्याही शाळेत परदेशी मुलांचे प्रमाण एक-तृतीयांशापेक्षा जास्त असू शकत नाही. राजनैतिक अधिकारी आणि तात्पुरते राहणारे परदेशी यांच्या मुलांसाठी असलेल्या शाळांना यातून सूट आहे. त्यामुळे अशा स्थानिक शाळेत आपले मूल खऱ्या अर्थाने तिथल्या मुलांमध्ये वाढते. नव्या शाळेला आधी सरकारी परवाना आणि नंतर मान्यता मिळते. आपल्या मुलाच्या इयत्तेला मान्यता मिळालेली आहे ना, याचा कागद मागून पाहावा. आम्ही मागितला तेव्हा कार्यालयाने तो लगेच समोर ठेवला.

प्रवेशाची प्रक्रिया हा या शाळेचा सर्वांत जमेचा भाग. अर्ज भरल्यानंतर मुलीची इंग्रजी वाचन आणि गणिताची छोटी लेखी चाचणी झाली, आणि मग एका शिक्षिकेने तिच्याशी निवांत गप्पा मारल्या. आमच्याशी बोलणे वेगळ्या खोलीत झाले. पगार किती, घर स्वतःचे की भाड्याचे, यातले काहीही विचारले गेले नाही. मूल घरी कोणत्या भाषेत बोलते, झोपते कधी, कोणत्या गोष्टीला घाबरते, अभ्यासाला कोण बसवते, असे प्रश्न होते. चाचणीचा निकाल आम्हाला समोर बसवून समजावून दिला गेला: गणित इयत्तेच्या पुढे, इंग्रजी वाचन इयत्तेइतके, फिलिपिनो भाषा शून्य. आमच्या भागात प्रवेशाच्या वेळी डोनेशनचा विषय कधी ना कधी निघतोच, या सवयीने आम्ही मनाची तयारी करून गेलो होतो. तो विषय तिथे निघाला नाही. शुल्काचा तक्ता छापील होता, त्यात शिकवणी शुल्क आणि इतर शुल्क वेगवेगळे दाखवले होते, आणि रक्कम एकदम, सहामाही, तिमाही किंवा दरमहा भरण्याची सोय होती. खासगी शाळांना सरकारी साहाय्य देणाऱ्या तिथल्या १९८९ च्या कायद्यात, शिकवणी शुल्कात वाढ केली तर त्या वाढीचा ७० टक्के भाग शिक्षक व कर्मचाऱ्यांच्या वेतनासाठी वापरण्याची अट आहे. आमच्या शाळेने शुल्कवाढीच्या पालकसभेत हा हिशेब स्वतःहून मांडला होता. असा नियम आपल्याकडेही असावा, असे मला मनापासून वाटते.

कागदपत्रांच्या बाबतीत घाई करून चालत नाही. जन्मदाखला, पासपोर्ट, आधीच्या शाळेचे प्रगतिपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला आणि चांगल्या वर्तणुकीचे प्रमाणपत्र लागते. हे शेवटचे प्रमाणपत्र आपल्या प्राथमिक शाळा सहसा देत नाहीत, म्हणून निघण्यापूर्वीच मुख्याध्यापकांकडून इंग्रजीत लिहून घ्यावे. अठरा वर्षांखालील परदेशी मुलांना इमिग्रेशन विभागाकडून शिक्षणासाठीचा विशेष परवाना काढावा लागतो; पालकांच्या व्हिसाच्या प्रकारानुसार काहींना त्यातून सूट असते. प्रवेश निश्चित झाल्यावर प्रत्येक मुलाला बारा अंकी विद्यार्थी क्रमांक मिळतो आणि तो बारावीपर्यंत, शाळा बदलली तरी, तोच राहतो.

आता अभ्यासक्रमाविषयी. फिलिपाईन्समध्ये पूर्वी शालेय शिक्षण दहाच वर्षांचे होते. २०१३ च्या कायद्याने ते बालवर्ग आणि त्यापुढे बारा वर्षे असे झाले: सहा वर्षे प्राथमिक, चार वर्षे कनिष्ठ माध्यमिक आणि दोन वर्षे वरिष्ठ माध्यमिक. बालवर्ग त्याआधीच, २०१२ मध्ये, सक्तीचा झाला होता. मुलगी दुसरीत गेली तेव्हा विज्ञान हा स्वतंत्र विषय नव्हता. त्या अभ्यासक्रमात तो तिसरीपासून सुरू होत असे. पहिलीपासून परिसर अध्ययन शिकलेल्या मुलीला हे मागे गेल्यासारखे वाटेल, अशी मला भीती होती. पण मोकळा झालेला वेळ वाचनाला दिला जात होता आणि वर्षअखेरीस तिचे वाचन स्पष्टपणे सुधारले. ती चौथीत असताना नवा अभ्यासक्रम आला. तो २०२३ मध्ये जाहीर झाला आणि २०२४-२५ पासून बालवर्ग, पहिली, चौथी व सातवी या वर्गांना लागू झाला. लहान वर्गांतील विषयांची संख्या कमी करून वाचन आणि गणितावर भर देणे हा त्याचा गाभा. त्यामागे कारणही तसेच होते: पंधरा वर्षांच्या मुलांसाठीच्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०१८ साली ७९ देशांमध्ये वाचनात फिलिपाईन्स सर्वांत खाली होता. देशाच्या या निकालामुळे कोणी तिथल्या सगळ्याच शाळांना नावे ठेवू नयेत. पण शाळा निवडताना तिथे वाचन कसे घेतले जाते हे वर्गात बसून पाहावे. आम्हाला तशी परवानगी मिळाली होती.

मूल्यमापन मला विशेष आवडले. शिक्षण विभागाच्या २०१५ च्या आदेशानुसार भाषा विषयांत लेखी कामाला ३० टक्के, प्रत्यक्ष सादरीकरणाला ५० टक्के आणि तिमाही परीक्षेला २० टक्के भार होता. गणित आणि विज्ञानात तो ४०, ४० आणि २० असा होता. त्यामुळे वर्षभर काहीतरी करून दाखवावे लागे. वर्गासमोर बोलायला लाजणारी माझी मुलगी तिसरीत माकिलिंग डोंगरावरच्या झाडांविषयी चार्ट धरून न अडखळता बोलली, ते या पद्धतीमुळेच. गुणपत्रक वाचताना मात्र सावध राहावे. उत्तीर्णतेची रेषा ७५ ची आहे, आणि मूळ गुण ६० असले तरी रूपांतरानंतर प्रगतिपत्रकावर ७५ दिसतात. म्हणून तिथले ८० म्हणजे आपल्याकडचे ८० नव्हेत; गौरव ९० सरासरीपासून सुरू होतो. गावी आजोबांना हे समजावून सांगावे लागले.

माझी तक्रार भाषेविषयी आहे. शाळेत गणित, विज्ञान आणि इंग्रजी हे विषय इंग्रजीतून, तर फिलिपिनो, सामाजिक अभ्यास आणि मूल्यशिक्षण हे विषय फिलिपिनोतून शिकवले जात. लागुना हा तागालोग भाषकांचा प्रांत आणि फिलिपिनो ही तागालोगवरच आधारलेली राष्ट्रभाषा, म्हणून तिथल्या मुलांना ती घरचीच वाटते. ज्या मुलीच्या चाचणीत शाळेनेच शून्य नोंदवले होते, तिला मात्र पहिल्या दिवसापासून तीन विषयांच्या तासांना इतरांबरोबरच बसवण्यात आले. तिच्यासाठी वेगळा तास नव्हता, सोपे पुस्तक नव्हते, आणि तिमाही परीक्षेची प्रश्नपत्रिका सगळ्यांची तीच होती. शिक्षिका मायाळू होत्या, मधल्या सुट्टीत जवळ घेऊन शब्द शिकवत. पण ती त्यांची व्यक्तिगत माया होती, शाळेची योजना नव्हती. आम्ही लेखी विनंती केली तेव्हा ‘मुले आपोआप शिकतात’ असे उत्तर मिळाले. मुलगी शिकली, हे खरे. त्यासाठी घरी विद्यापीठातील एका विद्यार्थिनीची शिकवणी लावावी लागली, आणि पहिले वर्ष तिने शाळेच्या वेळेचा मोठा भाग काही न समजता काढला, हेही तितकेच खरे.

बेळगावच्या मराठी पालकाला हे दुःख समजावून सांगावे लागत नाही. घरी मराठी, कार्यालयात कन्नड आणि पुढच्या शिक्षणात इंग्रजी, अशा तीन भाषांमध्ये आमची मुले वाढतात. कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्याने सर्व शाळांत कन्नड शिकणे सक्तीचे झाले आहे. आमच्या मराठी शाळांतील चांगले शिक्षक मुलांना कन्नड शिकवताना आधी मराठीतून वाट दाखवतात, आणि म्हणून ती भाषा मुलांना परकी राहत नाही. मुलाच्या घरची भाषा आणि शिकवण्याची भाषा यांच्यात असा पूल बांधणे हे शाळेचेच काम आहे. ते मुलाच्या वयावर सोडून देता येत नाही. फिलिपाईन्सने तिसरीपर्यंत मातृभाषेतून शिकवण्याचे तत्त्व २०१३ च्या कायद्यात घातले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये नव्या कायद्याने ते मागे घेतले गेले आणि माध्यम पुन्हा फिलिपिनो व इंग्रजी झाले. प्रादेशिक भाषा आता फक्त साहाय्यक आहेत. सेबुआनो किंवा इलोकानो बोलणाऱ्या लहान मुलांचे यात नुकसान आहे, असे मला वाटते, आणि सीमाभागात वाढलेली व्यक्ती म्हणून मला ते मनाला लागले.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. उपाहारगृहात शाकाहारी काही मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. डबा घरूनच द्यावा. वादळाचा क्रमांक एकचा इशारा आला की बालवर्गाला आणि क्रमांक दोनचा आला की वरच्या बहुतेक वर्गांनाही सुट्टी मिळते. जुलैत खानापूरच्या पावसात जिल्हाधिकाऱ्यांच्या सुट्टीची वाट पाहणाऱ्या आपल्या पालकांना ही आधीच ठरलेली व्यवस्था आवडेल. मोठ्यांचा हात कपाळाला लावून नमस्कार करण्याची तिथली रीत मुलीने आपणहून उचलली. करोनानंतर पुढे ढकलले गेलेले शैक्षणिक वर्ष २०२५ पासून पुन्हा जूनमध्ये सुरू होऊ लागले आहे, त्यामुळे कर्नाटकातील शाळेत परतताना मधले महिने वाया जाण्याची अडचण बरीच कमी झाली आहे.

दोन वर्षांहून अधिक काळ राहायचे असेल, तर अशी स्थानिक शाळा मी निश्चित सुचवेन; वर्षभरासाठीच जात असाल, तर तीन विषय फिलिपिनोतून शिकण्याचे ओझे मुलावर टाकू नये. प्रवेश घेतानाच फिलिपिनोच्या स्वतंत्र तासाचे आश्वासन लेखी मागावे. परतण्याच्या किमान दोन महिने आधी शाळेकडून कायम नोंदपत्र मागावे, शिक्षण विभागाकडून त्याची पडताळणी करून घ्यावी आणि परराष्ट्र विभागाची अपोस्टिल मोहोर, म्हणजे कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा यासाठीची मोहोर, घ्यावी. फिलिपाईन्स २०१९ पासून या मोहोरेच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे आणि भारत त्याआधीपासून, म्हणून दूतावासात वेगळे खेटे घालावे लागत नाहीत. आम्ही ही मोहोर घेऊन आलो होतो, आणि टिळकवाडीतील शाळेत पाचवीचा प्रवेश त्याच आठवड्यात झाला.