व्हिडिओवर दाखवावं की दवाखान्यात जावं?

बहुतेक जण सोय बघून ठरवतात. वेळ नसला तर व्हिडिओ, असला तर दवाखाना. मी आधी एकच गोष्ट तपासायला सांगेन: निदान करायला डॉक्टरांना हात लावावा लागेल का?

पोटदुखी घ्या. डॉक्टर पोट दाबतात, हात झटकन उचलतात आणि दुखणं नेमकं कुठे वाढतं ते पाहतात. अपेंडिक्सला सूज आहे की साधा अपचनाचा त्रास, याचा अंदाज त्या हातालाच येतो. नवीन, वाढत जाणारी पोटदुखी कॅमेऱ्यासमोर मांडण्यात वेळ घालवू नये. कानदुखीचंही तसंच, कानात डोकावल्याशिवाय पडदा दिसत नाही. पाय मुरगळला असेल तर चार पावलं टाकता येतात का, हे व्हिडिओवर दिसतं. पण एक्स-रे लागेल का हे ठरवायला घोट्याच्या हाडाच्या ठरावीक जागा दाबून बघाव्या लागतात.

रक्तदाबाच्या बाबतीत मात्र व्हिडिओचं पारडं जड आहे, आणि ते केवळ सोयीमुळे नाही. दवाखान्यात पाऊल टाकताच काहींचा रक्तदाब चढतो, घरी तो नीट असतो. म्हणून अनेक वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांमध्ये उच्च रक्तदाबाची मर्यादा दवाखान्यात 140/90, तर घरी 135/85 धरतात. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर आणि दंड हृदयाच्या पातळीवर ठेवा. मग मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. अशा आठवडाभराच्या नोंदी समोर असल्या की गोळीचा डोस ठरवायला दवाखान्यातल्या एका आकड्यापेक्षा जास्त आधार मिळतो. मोजलेली गोष्ट दूर पाठवणं तसं जुनंच आहे. डच शरीरशास्त्रज्ञ आइंटहोव्हेन यांनी 1905 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या रुग्णालयातून सुमारे दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत टेलिफोनच्या तारेवरून हृदयाचा आलेख (ईसीजी) नेला होता.

मधुमेहात दोन्ही लागतात. साखरेच्या नोंदी आणि औषधांची चर्चा व्हिडिओवर उत्तम होते. तळपायाची संवेदना आणि डोळ्याचा पडदा मात्र नियमितपणे, साधारण वर्षातून एकदा, प्रत्यक्षच तपासून घ्यावा लागतो. व्हिडिओची सवय लागली की नेमकं हेच मागे पडतं, आणि पायाची जखम दुखत नाही म्हणून कळतही नाही.

त्वचेच्या तक्रारीला हलत्या व्हिडिओपेक्षा चांगला फोटो बरा. दिवसाच्या उजेडात एक जवळून, एक लांबून काढावा आणि आकार कळायला शेजारी मोजपट्टी ठेवावी. रंग वा कडा बदलत चाललेला तीळ मात्र प्रत्यक्षच दाखवावा.

समुपदेशनाला स्पर्शाची गरज नसते. नैराश्य आणि चिंतेवरच्या बोलण्याच्या उपचारांचा परिणाम व्हिडिओवरही प्रत्यक्ष भेटीच्या जवळपास राहतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. अट एवढीच की दार लावून बोलता येईल अशी खोली हवी. ज्या घरात त्रास आहे त्याच घरातून मोकळं बोलता येत नाही. तशी परिस्थिती असेल तर लांब पडलं तरी दवाखानाच निवडा.

घसादुखीबाबत एक सावधगिरी. फक्त व्हिडिओवर बघून अँटिबायोटिक लिहून दिलं, तर घशाची तपासणी न करता ते का, असं जरूर विचारा. बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते आणि त्यावर अँटिबायोटिक चालत नाही.

काही वेळा हे दोन्ही पर्याय बाजूला ठेवावे लागतात. छातीत दाब, एका बाजूचा हात लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, धाप लागून वाक्य पुरं न होणं: अशा वेळी थेट आपत्कालीन विभाग गाठा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं. धाप लागलेली असताना ऑक्सिमीटरचा आकडा चांगला दिसला तरी थांबू नका. गडद त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो.

जमल्यास पहिली भेट प्रत्यक्ष घ्या आणि पुढच्या फेऱ्या त्याच डॉक्टरांकडे व्हिडिओवर करा. कॉल संपवण्याआधी विचारून घ्या: काय झालं तर मी लगेच यायचं, आणि किती दिवसांत बरं वाटलं नाही तर?