स्वप्न ओळखण्यासाठी घेतलेली प्रकाशपट्टी: चार महिन्यांचा अनुभव

शाळेत असताना इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या वाड्याच्या गच्चीवर उन्हाळ्यात आम्ही सारी भावंडे झोपत असू, आणि त्या वयात ‘हे स्वप्न आहे’ असे स्वप्नातच उमगणे मला नेहमीचे होते. उमगले की मी कठड्यावरून झेप घेई आणि राजवाड्याच्या सातव्या मजल्यापर्यंत तरंगत जाई. नोकरी आणि संसार यांत ते कधी सुटले ते कळलेही नाही. चाळिशीनंतर तर रात्री स्वप्न पडले होते एवढेही सकाळी आठवेना. ते परत मिळावे म्हणून फेब्रुवारीत मी डोळ्यांवर बांधायची प्रकाशपट्टी ३,२०० रुपयांना ऑनलाइन मागवली. कंपनीचे नाव न घेता मी वस्तूबद्दलच लिहिते.

पट्टीमागची कल्पना खोटी नाही. झोपलेला माणूस डोळ्यांच्या ठरवलेल्या हालचालींनी ‘मी स्वप्नात जागा आहे’ अशी खूण बाहेर पाठवू शकतो, हे १९७५ साली इंग्लंडच्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी नोंदवले आणि पुढे स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनीही स्वतंत्रपणे दाखवून दिले. मिटलेल्या पापण्यांतून लाल प्रकाश आत पोहोचतो, स्वप्नात कुठल्या तरी वस्तूचे रूप घेतो, आणि ती वस्तू ओळखली की स्वप्न ओळखता येते, असा हा विचार आहे.

स्वप्न पडत असताना मिटलेले डोळे झपाट्याने हलतात, पण माझ्या पट्टीला ती हालचाल टिपता येत नाही. झोपल्यापासून साडेचार तास मोजायचे आणि मग ठरावीक अंतराने दिवे लुकलुकवायचे, एवढेच ती करते. पहिले तीन आठवडे प्रत्येक वेळी मला जागच आली. एप्रिल लागल्यावर आतला स्पंज घामाने ओला होऊ लागला आणि नाकापाशी राहणाऱ्या फटीतून उजेड येई तो वेगळाच. ‘पहिल्याच आठवड्यात परिणाम’ असे डब्यावर छापलेले आहे. त्याबद्दल मी कंपनीला दोनदा लिहिले, पण उत्तर आले नाही.

खरी अडचण वेगळीच आहे हे मला उशिरा कळले. स्वप्ने ज्या अवस्थेत सर्वांत ठळक पडतात ती रेम अवस्था साधारण नव्वद मिनिटांच्या अंतराने येते आणि पहाटेकडे लांबत जाते, त्यामुळे आठ तासांऐवजी साडेपाच तास झोपणाऱ्याचा स्वप्नांचा वाटा झोपेच्या मानाने कितीतरी जास्त कापला जातो. आमच्याकडे नर्मदेचा नळ एक दिवसाआड पहाटे साडेपाचला येतो आणि मी मध्यरात्रीनंतर झोपून त्याच्यासाठी गजराने उठत असे. नळाचे काम यजमानांनी आपल्याकडे घेतले, मी साडेदहाला दिवा मालवू लागले, आणि खजुरी बाजारातून आणलेली चाळीस रुपयांची वही उशाशी ठेवली. जाग आली की कूस न बदलता, डोळे न उघडता, आधी शेवटचे दृश्य धरायचे आणि तिथून मागे जायचे, मगच पेन उचलायचे. पहिल्या दिवशी वहीत ‘जिना, ओला’ एवढेच दोन शब्द आले. महिन्याभराने पान पुरेनासे झाले.

त्यानंतर पट्टीनेही काम दिले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. एका रात्री मी स्वप्नात सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सराफ बाजारात, उभी होते आणि जिलबीच्या कढईखालची भट्टी एका लयीत विझत-पेटत होती. ‘ही तर पट्टी!’ असे मनात आले, आणि त्या आनंदानेच जाग आली. पुढच्या वेळी लाबर्ज यांनी सुचवलेला उपाय केला, म्हणजे स्वप्नातच दोन्ही तळहात एकमेकांवर जोराने चोळले. दृश्य विरले नाही, आणि मी हलवायाचे हात निवांत पाहत राहिले.

पण सर्वांत मोठे यश पट्टी कपाटात असताना मिळाले. मी हिशेबाचे काम करते, बिलाचा आकडा दोनदा वाचण्याची सवय हाडात मुरली आहे. स्वप्नातले लिहिलेले दुसऱ्यांदा पाहिले की बहुधा बदलते, हे वाचल्यापासून मी दिवसा दर बिलाला मनाशी विचारू लागले, ‘आकडा तोच आहे ना?’ मे महिन्यात एका पहाटे ४८,३५० ची बेरीज दुसऱ्यांदा पाहताना ४,८०५ झाली, आणि मी उठून ऑफिसच्या दारातून सरळ वाड्याच्या गच्चीवर गेले. आता तिथे चार मजली इमारत आहे. स्वप्नात मात्र चटया अंथरलेल्या होत्या आणि आजी माठातले पाणी काढत होती.

म्हणून माझे मत असे, की ज्यांना रोज एखादे तरी स्वप्न आठवते आणि ज्यांची झोप गाढ आहे, त्यांनी ही पट्टी सुटीच्या आदल्या रात्री वापरून पाहावी. ज्यांना काहीच आठवत नाही त्यांनी हे पैसे तूर्त खर्च करू नयेत. वही आणि तासभर जास्त झोप पुरेशी आहे. अपस्मार असलेल्यांनी लुकलुकत्या दिव्यांची कोणतीही पट्टी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बांधू नये, आणि निद्रानाश असलेल्यांनी झोप मुद्दाम मोडणारे कोणतेच प्रयोग करू नयेत. मी स्वतः पट्टी आता महिन्यातून दोन शनिवारी बांधते. वही मात्र तिसरी चालू आहे.