आकडा कोणत्या काळाचा? एका आकडेवारी सेवेचे परीक्षण

गेले आठ महिने मी एक मोफत आकडेवारी सेवा जवळजवळ रोज वापरतो आहे. निरनिराळ्या देशांच्या सांख्यिकी कार्यालयांनी प्रसिद्ध केलेल्या आकड्यांच्या मालिका एकाच साच्यात बसवून देणे हे तिचे काम, आणि शोध, वेग, डाउनलोड या बाबतींत ते ती चोख करते. मात्र अधिकृत आकडा किती आहे याइतकेच तो कोणत्या काळाचा आहे हेही महत्त्वाचे असल्याने, मी ही सेवा मुख्यतः संदर्भ कालावधीच्या, म्हणजे आकडा ज्या काळाचा असतो त्या काळाच्या, कसोटीवर तपासली.

सर्वांत मोठी उणीव तिथेच आहे. मूळ कार्यालय एसडीएमएक्स या आकडेवारीच्या देवाणघेवाणीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ‘२०२३-क्यू२’ (२०२३ ची दुसरी तिमाही) असा स्पष्ट संकेत देत असले, तरी ही सेवा तो पुसून त्या जागी तिमाहीचा पहिला दिवस, म्हणजे ‘२०२३-०४-०१’, लिहिते. मी तारखेचा स्तंभ धरून उत्पादनाची अशी एक तिमाही मालिका मासिक किंमत निर्देशांकाशी जोडली, तेव्हा एकट्या एप्रिलच्या भाववाढीशेजारी सबंध तिमाहीचे उत्पादन येऊन बसले आणि मे-जूनच्या ओळी रिकाम्या राहिल्या. त्या रिकाम्या दिसल्या म्हणूनच चूक ध्यानात आली. माझ्या आज्ञावलीने त्या आपोआप भरल्या असत्या, तर तेच कोष्टक मी बिनदिक्कत पुढे पाठवले असते. लोकसंख्येच्या बाबतीतही वर्षाच्या मध्यावरचा अंदाज आणि ३१ डिसेंबरची संख्या हे दोन्ही आकडे नुसत्या ‘२०२२’ या शीर्षकाखाली येतात.

रोजगाराच्या मालिकांवर मात्र सेवेने खरोखर मेहनत घेतली आहे. श्रम सांख्यिकीतज्ज्ञांच्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवलेल्या व्याख्येनुसार, संदर्भ सप्ताहात, म्हणजे सर्वेक्षण ज्या आठवड्याबद्दल विचारते त्यात, मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी किमान एक तास काम केलेली व्यक्ती रोजगारात धरली जाते. बेरोजगार ठरण्यासाठी मात्र काम नसण्याबरोबरच गेल्या चार आठवड्यांत किंवा महिन्याभरात कामाचा शोध घेतलेला असणे आणि लगेच किंवा फार तर पुढच्या दोन आठवड्यांत काम सुरू करण्याची तयारी असणे आवश्यक असते. म्हणजे बेरोजगारीच्या एकाच दरात लांबीने वेगळे असे तीन कालावधी गुंतलेले असतात, आणि सेवेची टीप हे तिन्ही वेगवेगळे मांडते. अमेरिकेच्या कुटुंब सर्वेक्षणाचा संदर्भ सप्ताह साधारणतः महिन्याची १२ तारीख ज्यात येते तो असतो, तर युरोपीय संघाच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात संदर्भ सप्ताह पूर्ण तिमाहीभर विखुरलेले असतात, हेही तीत नोंदवलेले आहे. २०२० च्या मार्चमध्ये अमेरिकेचा संदर्भ सप्ताह ८ ते १४ तारखेचा होता. त्यामुळे महिन्याच्या उत्तरार्धात झालेली प्रचंड नोकरकपात मार्चच्या दरात फारशी उमटली नाही, ती एप्रिलच्या दरात दिसली. आलेखावर त्या बिंदूपाशी कर्सर नेला की हाच खुलासा समोर येतो. अशी टीप लिहिणारा माणूस या सेवेत कुठेतरी आहे, मग तिमाहीच्या तारखांकडे त्याचे लक्ष कसे गेले नाही, याचे नवल वाटते.

साप्ताहिक मालिकाही बिनचूक आहेत. आठवडे मोजण्याच्या आयएसओ या आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे वर्षाचा पहिला गुरुवार ज्या आठवड्यात येतो तो पहिला आठवडा, म्हणून १ जानेवारी २०२१ हा दिवस २०२० च्या ५३ व्या आठवड्यात मोडतो. सेवेने तो तिथेच ठेवला आहे.

किंमत निर्देशांकांशेजारी ‘आधार वर्ष २०१५’ एवढेच छापलेले असते. भार (निर्देशांकात प्रत्येक वस्तूला दिलेले वजन) ज्या वर्षाच्या खर्चावरून काढले ते वर्ष, ज्या काळाच्या किमतींशी तुलना केली तो काळ आणि निर्देशांक जिथे १०० मानला तो काळ, हे तीन वेगळे असू शकतात, आणि त्या तिघांपैकी २०१५ नेमके कोणते, हे वाचकाला मूळ कार्यालयाच्या पद्धतीविषयक टिपणातच शोधावे लागते. ‘ताजे आधी’ हा पर्याय प्रकाशनाच्या तारखेनुसार क्रम लावतो, त्यामुळे कालच सुधारून आलेला दोन वर्षांपूर्वीचा वार्षिक आकडा गेल्या महिन्याच्या आकड्याच्या वर दिसतो.

पाचपैकी साडेतीन गुण. मालिका चाळण्यासाठी आणि रोजगाराच्या टिपांसाठी मी ही सेवा वापरत राहीन. कालावधीची सुरुवात आणि शेवट असे दोन स्वतंत्र स्तंभ द्यावेत, अशी सूचना मी अभिप्रायात लिहिली आहे. ते मिळेपर्यंत तिमाही मालिका जोडण्याआधी त्यांचे मूळ संकेत मी हातानेच परत भरतो आहे.