फंगल डीएनए किट, आठ महिन्यांनंतर: पाचपैकी तीन, आणि भांडण एका ट्यूबचं

गेल्या आठवड्यात बुरशीतून डीएनए काढायच्या किटचा दुसरा डबा आला. सवयीनं मोजून घेतलं. कॉलम (डीएनए धरणारी छोटी गाळणी) ५०, त्याच्याखाली बसणाऱ्या कलेक्शन ट्यूबही ५०. नोव्हेंबरच्या डब्यात त्याच ट्यूब १०० होत्या. कंपनीला फोन लावला, तर म्हणे, "सर, प्रोटोकॉलमध्ये तीच ट्यूब परत वापरा असं लिहिलंय की." भाव मात्र तोच. डोकं फिरलं, म्हणून हे लिहायला बसलो.

कॉलम कसा चालतो ते एका ओळीत: डीएनए त्यात अडकतो, वॉश बफरनं घाण धुऊन खाली ट्यूबमध्ये जाते, आणि शेवटी स्वच्छ डीएनए उतरवून घ्यायचा, तेच एल्यूशन. परभणीत माझ्याकडं दोनच गिऱ्हाइकं, दोन्ही बुरश्या: तुरीच्या मर रोगाचा फ्युजेरियम उडम आणि रब्बी ज्वारीच्या खडखड्याचा मॅक्रोफोमिना. आधी सगळं सीटॅबवर (डीएनए काढायची जुनी रासायनिक पद्धत) चालायचं. ६५ अंशांचा वॉटर बाथ, क्लोरोफॉर्मचा वास, आयसोप्रोपॅनॉल टाकून रात्रभर फ्रीजर. बुरशीची भिंत कायटिन आणि ग्लुकनची, साध्या घोटण्याला दाद देत नाही. मग ती गोठवून कुटायला लागणाऱ्या लिक्विड नायट्रोजनसाठी कंटेनर घेऊन कृत्रिम रेतनवाल्यांच्या दारात. तिथले काका दर खेपेला विचारायचे, "म्हशीसाठी का गाईसाठी?" बुरशीसाठी म्हटलं की हसायचे, पण द्यायचे.

किटमध्ये मण्यांची ट्यूब येते, भिंत ते मणीच फोडतात. व्हॉर्टेक्सवर (जोरात हलवणारं यंत्र) दहा मिनिटं धरली की नायट्रोजनची वारी संपली. फ्युजेरियमचा डीएनए पहिल्याच दिवशी दीड तासात हातात. २६०/२८० (शुद्धतेचा आकडा) १.८ च्या आसपास, आयटीएसचा (बुरशी ओळखायचा डीएनएचा भाग) बँड स्वच्छ. (नुसत्या आयटीएसवर फ्युजेरियमची जात ठरत नाही, टीईएफ हे दुसरं जनुक करावंच लागतं, पण तो काही किटचा दोष नव्हे.) त्या संध्याकाळी कुणी विचारलं असतं तर पाचपैकी सहा दिले असते.

आता ट्यूबकडं येतो. वॉश दोनदा द्यायचा, खाली उतरलेलं पाणी ओतायचं आणि कॉलम पुन्हा त्याच ट्यूबमध्ये बसवायचा, असं कागदावर आहे. ओतताना काठाला एक थेंब चिकटून राहतोच, कितीही झटका. तो कॉलमच्या नाकाला लागतो. वॉश बफरमध्ये इथेनॉल, ते एल्यूशनमध्ये उतरतं. नॅनोड्रॉपवर (डीएनए मोजायचं यंत्र) आकडा छान दिसतो, गंमत कळते ती डीएनए तपासायला जेल लोड करताना. पिपेटचं टोक वेलमध्ये (जेलमधल्या खाचेत), अंगठा हळूहळू दाबतोय, आणि इथेनॉलनं हलका झालेला निळा डाय खाली बसायचा सोडून उदबत्तीच्या धुरासारखा वर येऊन बफरमध्ये पसरतो. अख्खं एक जेल मी असं घालवलं आणि शिव्या पिपेटला दिल्या. इलाज सोपा आहे. दुसऱ्या वॉशनंतर कॉलम नव्या, कोरड्या ट्यूबमध्ये ठेवायचा, फुल स्पीडवर दोन मिनिटं रिकामा फिरवायचा, मग झाकण उघडं टाकून पाच मिनिटं थांबायचं. तेव्हापासून एकही नमुना वेलमधून उठला नाही. त्या जास्तीच्या ५० ट्यूब याच कामाच्या होत्या, आणि नेमक्या त्याच काढून घेतल्या.

जानेवारीत मॅक्रोफोमिनावर किट सपशेल पडलं. एल्यूशन चहाच्या पाण्यासारखं, पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणं) कोरा. "काळ्या बुरशीला हे किट निरुपयोगी" असा खरमरीत मेल टाकला. दोन दिवसांनी त्यांच्या टेक्निकल विभागातल्या एका मॅडमचा फोन आला. पहिलाच प्रश्न, "सर, मायसेलियम (बुरशीचं जाळं) किती घेता?" मी म्हणालो, चिमूटभर. "वजन करून बघा ना एकदा." माझी चिमूट निघाली ३०० मिलीग्रॅमची. मर्यादा १०० ची. शिवाय कल्चर आठ दिवसांचं, स्क्लेरोशियांनी (बुरशीच्या कडक गाठी) काळंकुट्ट झालेलं. त्यातलं मेलॅनिन (काळं रंगद्रव्य) डीएनएबरोबर येतं आणि पीसीआरमधल्या पॉलिमरेज एन्झाइमला कामच करू देत नाही. आता ब्रॉथमधून (बुरशी वाढवायचं पातळ खाद्य) तिसऱ्या दिवशी, जाळं पांढुरकं असतानाच काढतो, टिपकागदात दाबतो, तोलतो आणि टेम्प्लेट, म्हणजे काढलेला डीएनए, दहापट पातळ करून पीसीआर लावतो. बँड येतो. तेव्हा तो मेल मागे घेतला असं समजा. मॅडमना तेव्हाच सांगितलं, इथंही सांगतो.

बाकीचं थोडक्यात. डब्यावर १५ ते २५ अंशांत ठेवा असं आहे. मे महिन्यात परभणीत ते फक्त एसीच्या खोलीत जमतं, आणि लाइट गेली की तिथंही नाही. तरी उन्हाळा काढलेल्या कॉलमांनी दगा दिला नाही, हे कौतुकानं नोंदवतो. थंडीत लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायचं द्रावण) पांढरा साका बसतो. गरम करून तो विरघळला की मगच वापरा. लांब वाचनाच्या सिक्वेन्सिंगसाठी (डीएनएचे लांबलचक धागे सलग वाचायला) मात्र मण्यांच्या वाटेला जाऊ नका, डीएनएचे तुकडे होतात. तिथं अजूनही सीटॅबच, हळुवार हातानं.

हिशोब केला तर किटचा नमुना दोनशेच्या घरात पडतो. सीटॅबचा त्याच्या पावपटही नाही, पण त्यात माझा आख्खा दिवस जातो. म्हणून किट सोडणार नाही. ट्यूब वेगळ्या मागवा म्हणाले, तर त्यांचा दर ऐकून फोन ठेवला. सध्या साध्या २ मिलीच्या ट्यूबची झाकणं कात्रीनं उडवून काम भागवतोय. त्यात कॉलम किंचित तिरका बसतो आणि सेंट्रिफ्यूज थांबताना खडखडतं. कुणाकडं नीट बसणारी एखादी स्वस्त ट्यूब असेल तर नंबर कळवा, झाकणं मी कापून घेईन.