गाडीच्या एसीची गळती: बेळगाव भागात कोणत्या कामाला पैसे द्यावेत

एसीचं गॅरेज पारखायची एक सोपी खूण आहे. एसीतली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप चालू असताना निळ्या गेजच्या, म्हणजे कमी दाबाच्या बाजूच्या, काट्याकडे बघा. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे हवेचा दाबच कमी. पणजीत चांगला पंप काटा ३० इंचांच्या जवळ नेतो (व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचांत मोजतात). चोर्ला घाट चढून तोच पंप बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आणला तर काटा २७ च्या किंचित पुढे जाऊन थांबतो. त्यापुढे जायला जागाच नाही. "काटा २९ ला गेला नाही, म्हणजे कूलिंग कॉइल गेली" असं कुणी सांगितलं तर डॅशबोर्डच्या आत बसणाऱ्या, हवा थंड करणाऱ्या त्या कॉइलसाठी डॅशबोर्ड उतरवायला होकार देऊ नका. आणि इथे एखाद्या गेजवर सरळ २९ दिसत असेल, तर त्या गेजचा शून्य चुकलेला आहे.

बेळगाव, खानापूर, संकेश्वर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात गळक्या एसीवर चार उपाय मिळतात: नुसता गॅस भरणं, व्हॅक्यूम धरून बघणं, नायट्रोजन मारून गळती शोधणं आणि सीलंटचा डबा. चारही कामांना "लिकेजचं काम" असंच म्हणतात, पण त्यांची लायकी एक नाही.

त्याआधी एक खात्री करून घ्या. बाजूच्या सीटच्या पायाशी मॅट ओलं होत असेल आणि थंडावा ठीक असेल, तर गॅस गळत नाहीये. कूलिंग कॉइलवर जमणारं पाणी बाहेर टाकणारी ड्रेन पाइप तुंबलेली असते. उसाच्या पट्ट्यातली धूळ, झाडाखाली लावलेल्या गाडीतला पाला आणि उंदरांनी आणलेला कचरा तिथे साठतो. ड्रेन पाइपच्या तोंडातून खालून बेताची हवा मारली की काम होतं. ओलं मॅट चिकट लागत असेल आणि गोडसर वास येत असेल, तर ते इंजिनचं कूलंट आहे, हीटर कोअर (हीटरची गरम पाण्याची जाळी) गळतोय. या दोन्ही कामांत एसीच्या गॅसला हात लावायचं कारण नाही.

आता टॉप-अप, म्हणजे नुसता गॅस भरणं. मार्च ते मे सगळ्यात जास्त खपणारी सेवा ही, आणि सगळ्यात जास्त पैसे वाया जातात तेही इथेच. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. लहान गाडीत साधारण ३५० ते ५५० ग्रॅम गॅस असतो. रबरी होजमधून वर्षाला दहा-वीस ग्रॅम झिरपतो, म्हणून पाच-सहा वर्षांच्या गाडीत थंडावा थोडा उतरणं समजण्यासारखं आहे. पण मागच्या उन्हाळ्यात गॅस भरला आणि यंदा होळीलाच गरम हवा आली, तर कुठेतरी भोक आहे. नवा गॅसही त्याच वाटेने जाणार.

टॉप-अपमधली दुसरी खोट मोजमापाची. गाडी बंद असताना आर-१३४ए चा, म्हणजे कारच्या एसीतल्या नेहमीच्या गॅसचा, दाब तापमानावर ठरतो: २५ अंशांना साधारण ८३ पीएसआय (दाबाचं एकक), ३० ला ९८, ३५ ला ११५. आत द्रवरूप गॅस थोडा जरी शिल्लक असला, तरी दाब तेवढाच. ५०० ग्रॅम असो की २००, बंद गाडीचं गेज तेच सांगतं. चालू गाडीचा दाब बघूनही अंदाजच बांधता येतो, कारण तो बाहेरच्या उकाड्यावर, पंख्यावर आणि कंडेन्सरच्या (गाडीच्या पुढच्या बाजूला गॅस गार करणाऱ्या जाळीच्या) स्वच्छतेवरही हलतो. म्हणून खरी पद्धत एकच: असलेला गॅस काढायचा, व्हॅक्यूम मारायचा आणि बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाएवढा गॅस वजनकाट्यावर तोलून भरायचा. ‘एक डबा एक गाडी’ हा हिशेब बऱ्याच ठिकाणी चालतो. ४५० ग्रॅमचा डबा ३६० ग्रॅमच्या गाडीत रिकामा केला तर हाय साइडचा (कॉम्प्रेसरनंतरच्या जास्त दाबाच्या बाजूचा) दाब चढतो, कॉम्प्रेसर सारखा कट होतो, आणि मग "कॉम्प्रेसर वीक झालाय" असं ऐकावं लागतं. वजनकाटा नसलेल्या दुकानात गॅस भरू नये, हे आमचं स्पष्ट मत आहे.

व्हॅक्यूम धरून बघणं ही चाचणी गरजेची, पण अपुरी. पंप बंद करून पंधरा मिनिटं काटा हलला नाही की "लिकेज नाही" असा निकाल देतात. व्हॅक्यूममध्ये बाहेरून आत लागणारा दाब फार तर वातावरणाएवढा, म्हणजे बेळगावात सुमारे १३.४ पीएसआय. एसी चालताना हाय साइडला १५० ते २५० पीएसआय असतात, तेही आतून बाहेर. सैल ओ-रिंग (जोडातली रबरी कडी) व्हॅक्यूममध्ये उलट आत ओढली जाऊन घट्ट बसते आणि गॅस भरल्यावर सुटते. काटा हलला तर गळती नक्की आहे. हलला नाही म्हणून ती नाही असं ठरत नाही.

ज्या कामाला आम्ही मनापासून पूर्ण गुण देतो ते नायट्रोजनचं. कोरडा नायट्रोजन रेग्युलेटरमधून दोन्ही सर्व्हिस पोर्टना (गॅस भरायच्या तोंडांना) लावून १५० पीएसआयपर्यंत चढवायचा आणि किमान अर्धा तास, संशय असेल तर रात्रभर, धरून ठेवायचा. रेग्युलेटरशिवाय सिलिंडर कधीच जोडायचा नाही. भरलेल्या सिलिंडरमध्ये दोन हजार पीएसआयच्या वर दाब असतो आणि कॉइल फाटू शकते. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा चालत नाही, तिच्याबरोबर पाणी आत जातं. ऑक्सिजन तर तेलाशी भिडून स्फोट करतो, वेल्डिंगच्या दुकानात तो हाताशी असला तरीही.

रात्रभर धरलेल्या दाबाचा अर्थ लावताना तापमान विसरू नका. बोनेटखाली ४० अंश असताना १५० पीएसआय मारले आणि पहाटे २८ अंश झाले, तर काहीही न गळता काटा १४४ च्या आसपास येतो. १४४ बघून कॉइल बदलायला सांगणारे मेस्त्री आहेत. १२० दिसले तर मात्र शोधाला लागा.

शोध साबणाच्या पाण्याने सुरू होतो. भांड्यांचा लिक्विड साबण थोड्या पाण्यात कालवून ब्रशने प्रत्येक जोडावर लावायचा आणि घाई न करता बघत राहायचं. मोठी गळती लगेच फेसाळते. बारीक गळतीत होजच्या क्रिंपच्या (दाबून बसवलेल्या धातूच्या जोडाच्या) कडेला आधी मोहरीएवढा एकच बुडबुडा येतो, थांबतो, मग त्याच्या शेजारी दुसरा, आणि दोन-तीन मिनिटांनी तिथे पांढरा फेसाचा गोळा उभा राहतो. पाच सेकंद बघून पुढे सरकणाऱ्याच्या हाती हा बुडबुडा लागत नाही. सर्व्हिस पोर्टच्या पिनवर एक थेंब टाकायला विसरू नका. कितीतरी गाड्यांची गळती तिथेच, एका पितळी पिनेत असते, आणि ती बदलायला पाच मिनिटं लागतात. पोर्टची टोपी हरवली असेल तर आतल्या रिंगसकट नवी लावून घ्या. धूळ अडवते तीच, आणि पिन थोडी झिरपली तर गॅसही तीच धरते.

साबण जिथे पोचत नाही तिथे इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर. तो गॅस हुंगतो, नायट्रोजन नव्हे, म्हणून सर्किटमध्ये (एसीच्या बंद नळ्यांत) थोडा गॅस लागतो. गॅस हवेपेक्षा जड असल्याने टोक जोडाच्या खालच्या अंगाने, सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटर या वेगाने फिरवायचं. डॅशबोर्डमधल्या कॉइलसाठी एसी आणि ब्लोअर दोन्ही बंद करून पंधरा मिनिटं थांबायचं आणि टोक ड्रेन पाइपच्या तोंडाशी धरायचं. तिथे डिटेक्टर वाजला, पुसून पुन्हा धरल्यावर पुन्हा वाजला, तरच कॉइलवर बोट ठेवावं. कॉइल बदलायला अर्धा ते पूर्ण दिवस जातो आणि डॅशबोर्ड एकदा उतरला की क्लिप तुटून खडखड मागे लागते, म्हणून हा पुरावा डोळ्यांनी बघितल्याशिवाय परवानगी देऊ नका.

इकडच्या गाड्यांत पहिला संशय कंडेन्सरवर घ्यावा. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर निपाणीकडे जाताना पुढच्या ट्रकच्या चाकाखालची खडी थेट जाळीतून आत येते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे चिखल आणि पाचटाचा भुसा उडतो, तो कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत खालच्या कोपऱ्यात बसतो, ओला राहतो आणि ॲल्युमिनियम खातो. जांबोटी, कणकुंबीच्या पावसातून सतत गोव्याला जाणाऱ्या गाड्यांना वरून खारी हवाही लागते. खूण अशी: कोरड्या धुळीच्या जाळीत एकाच ठिकाणी तेलकट काळपट डाग. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटते. गाडी धुवायच्या आधी हा डाग बघा, धुतल्यावर पुरावा जातो.

कंडेन्सरला वेल्डिंग करून घ्यावं का? उद्यमबागेत आर्गन वेल्डिंगचे उत्तम कारागीर आहेत, आणि ॲल्युमिनियमच्या गोल पाइपला तडा असेल तर त्यांचं काम टिकतं. होजचं क्रिंप गळत असेल तर एसीचीच बॅरिअर होज वापरून नवं क्रिंपही चालतं. पण कंडेन्सरच्या चपट्या नळीत केसासारखे बारीक मार्ग असतात, भिंत कागदासारखी. तिथे वेल्डिंग केलं की शेजारी भोक पडतं. एम-सील तर महिनाभरही भरवशाचं नाही. कंडेन्सर नवाच घ्या.

सीलंटचा डबा आम्ही नाकारतो. एक प्रकार रबर फुगवतो. सुकलेल्या ओ-रिंगला थोडे दिवस फरक पडेल, खडीने पडलेल्या भोकाला अजिबात नाही. दुसरा प्रकार हवा आणि ओलावा लागला की घट्ट होतो. सर्किटमध्ये ओलावा राहिला असेल तर तो आतच, कॉइलमध्ये गॅस सोडणाऱ्या एक्स्पान्शन वॉल्व्हच्या बारीक छिद्रात जमतो. पुढे चांगल्या गॅरेजचं रिकव्हरी मशीनही (जुना गॅस ओढून साठवणारं यंत्र) त्याने तुंबतं, म्हणून सीलंट टाकलेली गाडी काही जण घेतच नाहीत. याच जातीचा, त्याहून वाईट प्रकार म्हणजे स्वस्तात घरगुती एलपीजी किंवा घरच्या एसीचा गॅस कारमध्ये भरणं. एलपीजी पेट घेतो आणि कॉइल तर केबिनच्या हवेत बसलेली असते.

भाग बदलताना खरं गॅरेज तीन लहान गोष्टींत दिसतं. ओ-रिंग: एसीसाठीची, बहुधा हिरवी, एचएनबीआर रबराची; टपरीवरची साधी काळी रिंग या गॅस-तेलात फुगते. तेल: कंडेन्सर बदलला तर साधारण २० ते ३० मिली, कॉइल बदलली तर ३० ते ५० मिली, कॉम्प्रेसरवर लिहिलेल्या ग्रेडचंच. पॅग तेल (कारच्या एसीचं नेहमीचं तेल) हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून पावसाळ्यात आठवडाभर उघडा राहिलेला डबा नको, सीलबंद लहान बाटली तुमच्यासमोर फोडायला सांगा. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या विजेवरच्या कॉम्प्रेसरला वेगळं, पीओई तेल लागतं. तिथे पॅग गेलं तर विजेचं इन्सुलेशन बिघडतं. तिसरी गोष्ट ड्रायर, म्हणजे सर्किटमधला ओलावा शोषणारा भाग. सर्किट बराच काळ उघडं राहिलं असेल तर तो बदलायलाच हवा, आणि आता बऱ्याच गाड्यांत तो कंडेन्सरच्याच कडेला असतो.

मग पुन्हा व्हॅक्यूम, या वेळी ओलावा काढण्यासाठी, किमान ४५ मिनिटं. इथे आपल्या उंचीचा मुद्दा परत येतो. २५ अंशांच्या पावसाळी दुपारी आतलं पाणी उकळून निघायला बेळगावात काटा साडेसव्वीसच्या जवळ जावा लागतो, आणि पूर्ण व्हॅक्यूम आहे २७.३. काटा २६ वर अडकला तर बाहेरून सगळं ठीक दिसतं, पण पाणी आतच राहतं. एवढा बारीक फरक गेजवर नीट दिसत नाही, म्हणून अगदी बारीक व्हॅक्यूम मोजणारं मायक्रॉन गेज असलेलं दुकान मिळालं तर सोन्याहून पिवळं. नसेल तर पंपाला वेळ द्या आणि पंपाचं तेल स्वच्छ आहे का ते विचारा.

जुना गॅस हवेत सोडून देणं ही या भागातली वाईट सवय आहे. आर-१३४ए चा तापमानवाढीचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट आहे. एका लहान गाडीतले ४०० ग्रॅम सोडले, म्हणजे ५७० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं झालं. रिकव्हरी मशीन असलेल्या गॅरेजला आम्ही त्यासाठीच वरचे गुण देऊ, दोनशे रुपये जास्त पडले तरी.

बिल पक्कं घ्या आणि त्यावर हे लिहून मागा: किती ग्रॅम गॅस, किती मिली तेल, नायट्रोजन किती दाबावर किती वेळ, कोणती रिंग किंवा भाग बदलला. "एसी काम" एवढंच लिहिलेल्या बिलावर पुढच्या वेळी हमी मागता येत नाही. गाडी ताब्यात घेताना रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणं) लावून, ब्लोअर मोठा करून, इंजिन १,५०० फेऱ्यांवर ठेवून मधल्या जाळीत थर्मामीटर धरा. बाहेर ३२ अंश असताना ७ ते १० अंशांची हवा यायला हवी.

गॅस भरताना यूव्ही डायही (यूव्ही दिव्याखाली चमकणारा रंग) टाकून घ्या, लहान गाडीला ७ मिली पुरे. जास्त टाकली तर तेलच पातळ होतं. दोन आठवडे गाडी चालवून पुन्हा त्याच गॅरेजला जा, शक्यतो दिवेलागणीनंतर. पिवळा चष्मा लावून यूव्ही दिवा बदललेल्या जोडांवर, कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यांवर, कॉम्प्रेसरच्या क्लचमागे आणि ड्रेन पाइपच्या तोंडाशी फिरवायला सांगा. पोर्टवर भरताना सांडलेली डाय चमकेलच, ती आधी पुसून टाकायला हवी होती. दुसरीकडे कुठेही पोपटी ठिपका दिसला, तर गॅस पुन्हा उतरण्याआधीच त्या जोडाची रिंग बदलून घ्या.